न पुसलेलं सागवान

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुम्ही समोर नाही म्हणून सांगते — समोर असता तर चहा ठेवायच्या निमित्तानं उठून गेले असते. उठून जाणं मला चांगलं जमतं.

मला राग येतो. आमच्या यांचा येतो, गावाचा येतो. आमचं सुतारकाम घरासमोरच, टिनाखाली. रंधा मारून झाला की सागवानाच्या फळ्या थिनरनं पुसायच्या — हे काम माझं. सागवान अंगचंच तेलकट. पुसून लगेच जोडलं नाही तर गोंद धरत नाही. डोकं दुखेपर्यंत मी पुसत आले. आणि विहाराच्या टेबलाचं काम सांगायला माणसं आली, तेव्हा हे काय म्हणाले?

"ही काय करते? घरीच राह्यते. इथं आमी दोघंच."

दोघं म्हणजे हे आणि सुदाममामा. मामा म्हातारे मिस्त्री, फळ्या जोडायचं काम त्यांचं.

मग मी का पुसावं? — असं मनात आलं. फडकं हातात घेऊन बसले, बाटलीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. मामांनी विचारलं, "माय, पुसलं ना?"

मी म्हटलं, "हो, मामा."

एवढंच. माझ्या शब्दावर त्यांनी गोंद लावला, शिकंजे आवळले.

विहारात त्या टेबलावर मूर्ती ठेवली. वंदना चालू असतानाच जोड उकलला, मूर्ती कलली. पुढच्या माणसांनी सावरली म्हणून वाचली. आणि हे सगळ्यांदेखत मामांवर ओरडले, "मामा, पुन्हा पेऊन राह्यले काय?"

मागून कोणीतरी खिदळलं, "दारू कायची सुटते! फळी सुटली!"

मामांनी दारू कधीच सोडली होती. त्याच विहारात, पंचशील घेऊन सोडली होती — हे त्या हसणाऱ्यांना माहीत नव्हतं का?

मामांनी उकललेल्या जागेवर अंगठा फिरवला. गोंद सालीसारखा निघून आला, खाली लाकूड तेलानं तुकतुकीत. त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि थांबले. मी काय केलं? बायकांच्या मागे सरकले.

काहून लपले मी? मला कोण विचारणार होतं? मी काही करतच नाही, तर माझी चूक कुठून होणार! ज्या बोलण्यानं माझं डोकं फिरलं होतं, त्याच बोलण्याच्या आडोशाला मी उभी राहिले. गाव मला लाजाळू म्हणतं. ती लाज नव्हती. भीती होती — आणि यांची फजिती झाली याचं बरंही वाटत होतं.

मामांनी माझं नाव घेतलं नाही. यांनी त्यांना कामावरून काढलं. आता ते दुसऱ्याच्या वावरात राखणीला जातात.

वंदनेला मात्र येतात. आम्ही सगळे मिळून पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. पाचवं आलं की अजूनही दोन-चार माना मामांकडे वळतात.

चौथ्याला माझ्याकडे कोणी बघत नाही. मी ते सगळ्यांबरोबर म्हणते, स्पष्ट आवाजात.