हात पुढे कर

"हात पुढे कर," सर म्हणाले.

मी हातमोज्यांच्या दोन्ही जोड्या काढल्या. हात पुढे केले. सर आमचे गटप्रमुख. क्लीन रूमच्या, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा जुळणीच्या खोलीच्या दारात, पाच जणांसमोर, त्यांनी माझ्या सहकाऱ्याला सांगितलं, "हुंग जरा. उरणकडची पोरगी आहे. डब्यात सुकट असणार."

तो ओशाळला, पण वाकला. बाकीचे हसले.

आमच्या छोट्या उपग्रहाचा कॅमेरा चाचणीनंतर निर्वात कक्षातून नुकताच बाहेर काढला होता. भिंगावर धुरकट डाग होता. कॅमेऱ्याची जुळणी मी केली होती.

"सर, मी मासे खात नाही," मी म्हणाले.

खोटं. माझे आजोबा मिठागरात राबले. आई आजही अंगणात सुकट वाळवते. डबा भरताना विचारते, "जराशी देऊ का गो?" मी नको म्हणते. इंग्रजी शाळेत कोणी डबा हुंगू नये म्हणून रोज जाम-पाव न्यायचे. सरांनी हात हुंगायला लावले त्या दिवशीही डब्यात वरण-भातच होता.

सरांनी चौकशीचा कागद समोर ठेवला. कारण आधीच लिहिलेलं: जुळणी करणाऱ्या व्यक्तीचे अस्वच्छ हात.

"प्रोबेशनचा एक आठवडा उरलाय ना? सही कर, विषय संपव."

मी पेन घेतलं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलंही.

तेव्हा लॉगबुक आठवलं. गोंदाने बसवलेलं भिंग ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवायचं असतं, नाहीतर निर्वातात गोंदाची वाफ निघून काचेवर बसते. सहाव्या तासाला सरांनीच ते बाहेर काढायला लावलं होतं. घाई होती. तशी नोंद मी केली होती. आता सही केली तर भिंग पुसतील, गोंद तसाच राहील. उपग्रह वर गेल्यावर काच पुसायला कोणी नाही.

पेन खाली ठेवलं.

"सर, मी खोटं बोलले. मी मासे खाते. हा डाग गोंदाचा आहे. तुमच्या सांगण्यावरून भिंग सहा तासांतच ओव्हनमधून काढलं. तेवढं लिहा, मग सही करते."

कोणी हसलं नाही.

"आठवड्याने बघू," सर म्हणाले.

आठवडा अजून संपलेला नाही. नोकरी जाईलही. लॉगबुकाच्या त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे. कागदावरचं ते एक अक्षर मी खोडलंय. हे हात पुन्हा कोणाला हुंगायला देणार नाही.