रेफ्रीचं अर्धं वाक्य

“मॅडम, बारा वाजता प्रोमो लागला पाहिजे,” स्टुडिओच्या काचेपलीकडून आमचे केंद्रप्रमुख चौधरी सर मनगटावर बोट आपटत होते. अकरा चाळीस झाले होते. माझ्यासमोर अकरा मिनिटांची मुलाखत होती आणि तिच्यातून मला वीस सेकंद काढायचे होते.

मी जळगावच्या एका कम्युनिटी रेडिओवर काम करते. कम्युनिटी रेडिओ म्हणजे छोटं केंद्र. आमचा आवाज शहर आणि आसपासची गावं एवढाच जातो; बाकीचे मोबाइलवर ऐकतात. रविवारी सकाळी दहाला माझा खेळाचा कार्यक्रम असतो. पहिली पंधरा मिनिटं आठवड्याच्या बातम्या, मग श्रोत्यांचे फोन आणि वाद. एरवी वाद क्रिकेटचाच. त्या आठवड्यातही क्रिकेट लीगचे प्लेऑफ सुरू होते, आणि कोणाला शेवटची ओव्हर द्यायला नको होती यावर लोक तावातावाने बोलले असते. पण सोमवारी जळगावात शाळकरी मुलींच्या फुटबॉलचा प्लेऑफ झाला आणि क्रिकेट मागे पडलं.

साखळी सामन्यांनंतर वरचे चार संघ उरतात, त्यांच्या बाद फेरीला प्लेऑफ म्हणतात. हा सामना फैजपूर विरुद्ध पाचोरा असा होता. एक-एक बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउट आलं, म्हणजे दोन्ही संघांना पाच-पाच किक. पाचोऱ्याची पाचवी किक फैजपूरच्या गोलकीपरने अडवली. फैजपूरच्या मुली नाचत मैदानात धावल्या आणि तेवढ्यात रेफ्रीची शिट्टी वाजली. किक मारायच्या आधीच गोलकीपर रेषा सोडून पुढे आली होती. किक परत घ्या. परत घेतलेली किक गोलमध्ये गेली आणि पुन्हा बरोबरी झाली. किकच्या पुढच्या फेरीत फैजपूर हरलं.

रेफ्री होते हिरामणभाऊ. धुळ्याला पोस्टात क्लार्क. वीस वर्षं सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन फिरणारा माणूस. मंगळवारी मी त्यांना फोन केला. ते खूप नीट बोलले. नियम सांगितला: किक मारताना गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर हवा. बाजूला उभ्या असलेल्या सहायक रेफ्रीने झेंडा वर केला, मी स्वतःही पाहिलं, म्हणाले. सगळं स्पष्ट होतं. पण प्रोमोला स्पष्ट चालत नाही. प्रोमो म्हणजे कार्यक्रमाची जाहिरात. ऐकणाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला पाहिजे.

मुलाखतीत सातव्या मिनिटाला त्यांचं एक वाक्य सापडलं. मी कट मारला. बुधवारी बारा वाजता लागलं ते असं. आधी माझा आवाज: “फैजपूरच्या मुलींवर अन्याय झाला का? ऐका, खुद्द रेफ्री काय म्हणतात.” मग हिरामणभाऊ: “चूक झाली म्हणा माझी.” मग धाडकन म्युझिक.

चौधरी सरांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला.

रविवारी फोन थांबेनात. मुलाखतीची चार मिनिटं वाजवायचं ठरलं होतं, पण फोनच इतके होते की दोन मिनिटांतच ती थांबवावी लागली; रेफ्रींचं स्पष्टीकरण राहूनच गेलं. सगळ्यात जास्त चिडून बोलले ते फैजपूरच्या गोलकीपरचे वडील, भागवतभाऊ. केळीच्या बागेतूनच बोलत होते, मागे पंपाचा आवाज येत होता.

“रेफ्री सोता म्हणून राहिला की चूक झाली, मंग निकाल काबरं बदलत नाही? माझी पोरगी आठ दिवस झाले ग्राउंडवर गेली नाही. जेवत नाही धड. तिचा काय गुन्हा, सांगा मले!”

सामना होऊन सहाच दिवस झाले होते, पण मी दुरुस्त केलं नाही. बापाचा आवाज कापत होता. कार्यक्रम रंगला. संपल्यावर चौधरी सर म्हणाले, “असा रविवार वर्षातून एकदा येतो.”

मंगळवारी सकाळी केंद्राच्या दारात एक सडपातळ माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी, पायात पॉलिश केलेले बूट. धुळ्याहून पहिल्या एसटीने आलेला.

“मी हिरामण,” ते म्हणाले. “आपण फोनवर बोललो होतो.”

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ते ओरडतील अशी मी मनाची तयारी केली होती. ते ओरडले नाहीत.

“शनिवारची फायनल माझ्याकडे होती,” ते म्हणाले. “काल स्पर्धेच्या कमिटीचा फोन आला. म्हणाले, तुम्ही जाहीर चूक कबूल केली आहे, तुम्हाला ठेवलं तर फायनललाही वाद होईल. दुसरा रेफ्री बघितला आहे.”

“तुम्ही त्यांना सांगितलं नाही का की...”

“काय सांगू? शब्द माझेच आहेत. आवाज माझा आहे. मी बोललोच नाही असं कसं म्हणू?”

मी कॉम्प्युटर उघडला आणि सातवं मिनिट लावलं. दोघांनी ऐकलं. “चूक झाली म्हणा माझी, शूटआउटच्या आधी दोन्ही गोलकीपर मुलींना बोलवून रेषेची आठवण करून द्यायला हवी होती, घाईत राहिलं. लहान मुली आहेत. पण किक परत घ्यायला लावली तो निर्णय बरोबरच होता. उद्या परत तसं झालं तर परत शिट्टी वाजवीन.”

कट मारताना मला हे कळलं होतं का, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं. पुढचं वाक्य मी ऐकलं होतं, एवढं नक्की. शब्द त्यांचेच आहेत, म्हणजे खोटं काही नाही, असं मी त्या बुधवारी स्वतःला सांगितलं होतं. आता तेच कारण हा माणूस स्वतःच्या विरोधात सांगत माझ्यासमोर बसला होता.

“फायनल गेली त्याचं जाऊ द्या,” हिरामणभाऊ म्हणाले. “पण पोस्टात, बसस्टँडवर, ग्राउंडवर...” बोलता बोलता ते घरच्या अहिराणीत गेले. “बठ्ठा म्हंतस, तू चूक कबूल करी लिधी. मनी शिट्टी आते कोन ऐकी?”

सगळे म्हणतात, तू चूक कबूल केलीस; माझी शिट्टी आता कोण ऐकणार. मी म्हणाले, “भाऊ, माझी चूक आहे. येत्या रविवारी मी तुमचं पूर्ण वाक्य वाजवते आणि माफी मागते.”

“एकदा?”

“म्हणजे?”

“तो तुकडा किती वेळा वाजला?”

आमच्याकडे प्रत्येक गोष्ट कधी वाजली याची नोंद असते. मी बघितलं. बुधवारी तीन वेळा, मग शनिवारपर्यंत रोज सहा. एकवीस.

त्यांनी नोंदीकडे एकदा पाहिलं. पाणी संपवलं, पेला टेबलावर ठेवला आणि उठले. परतीची एसटी पकडायची होती, अर्ध्या दिवसाचीच रजा होती.

ते गेल्यावर मी आधी कमिटीच्या सचिवांना फोन केला आणि पूर्ण रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी ऐकलं. “माणूस सरळ आहे हो, आम्हाला माहीत आहे,” म्हणाले. “पण नवीन रेफ्रीला पत्र गेलं. आता परत बदल केला तर त्याचाही वाद.” तो दरवाजा बंद झाला होता.

मग मी चौधरी सरांच्या केबिनमध्ये गेले. दुरुस्ती उद्यापासून शनिवारपर्यंत, प्रोमोच्याच वेळांना, एकवीस वेळा लावायची आहे, असं सांगितलं.

“वेड लागलं का? एका रविवारी दिलगिरी व्यक्त करा, झालं. आपण चुकलो हे आपणच एकवीस वेळा सांगायचं?”

“आपण त्यांना एकवीस वेळा सांगायला लावलं, सर.”

सर खिडकीबाहेर बघत बसले. ते वाईट माणूस नाहीत. मूठभर माणसांवर, बरीचशी कॉलेजची मुलं हाताशी धरून, त्यांनी हे केंद्र उभं केलं आहे. लोकांचा विश्वास जाईल ही त्यांची भीती खरी होती. शेवटी म्हणाले, “मजकूर लिहून आणा. मी बघितल्याशिवाय लावायचा नाही.”

मी लिहून आणलं: ‘तांत्रिक कारणामुळे रेफ्रींचं वाक्य अपूर्ण प्रसारित झालं...’ त्यांनी पेन उघडलं आणि पहिले दोन शब्द खोडले.

“तांत्रिक काय होतं त्यात?” ते म्हणाले. “आम्ही कापलं, असं लिहा.”

मी खाली मान घालून बदल केला. त्या दिवशी दुसऱ्यांदा मला कोणीतरी न ओरडता जागा दाखवली होती.

बुधवारी बारा वाजता दुरुस्ती लागली. आम्ही कापलं, ही आमची चूक, आणि आता रेफ्रींचं पूर्ण वाक्य ऐका. फोन फारसे आले नाहीत. कोणी म्हणालं, दबाव आला वाटतं तुमच्यावर. कोणी म्हणालं, कमिटीनं मॅनेज केलं. एकानं क्रिकेटचा निकाल विचारला.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या नंबरवर फोन वाजला. भागवतभाऊ. या वेळी पंपाचा आवाज नव्हता.

“मॅडम, ते पूर्ण बोलणं ऐकलं मी. तीनदा ऐकलं. मंग काल पोरीले इचारलं. इतके दिवस इचारलंच नव्हतं. नुसतं सांगून राहिलो होतो का तुझ्यावर अन्याय झाला, अन्याय झाला.” ते थांबले. “ती म्हणे, पप्पा, माझा पाय पुढं होता. मले तव्हाच माहीत होतं.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“म्हटलं, मंग बोलली काबरं नाही? म्हणे, तुम्ही रेडिओवर बोलून राहिले होते ना.”

त्यांना हसायचं होतं की काय, कळलं नाही. “जेवली काल पोटभर. आज ग्राउंडवर गेली. पण हे लावू नका बरं रेडिओवर. तिच्या मैत्रिणी ऐकतात.”

आमच्या फोनवर येणारं सगळं आपोआप रेकॉर्ड होतं. वाद एका फटक्यात मिटवणारी बाइट, म्हणजे बोलण्याचा नेमका तुकडा, माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. रविवारी लावली असती तर हिरामणभाऊंच्या बाजूने याहून मोठा पुरावा नव्हता. मी ती फाइल भागवतभाऊ फोनवर असतानाच पुसली आणि त्यांना तसं सांगितलं. चौधरी सरांना सांगितलं नाही. हिरामणभाऊंनाही नाही. ती मुलगी आता कॉलेजात खेळते. तिला आणि तिच्या वडिलांना विचारूनच हे लिहिते आहे. ती म्हणाली, “लिहा ना ताई. आता माझा पाय रेषेवरच असतो.”

फायनल दुसऱ्याच रेफ्रीने घेतली. पाचोऱ्याच्या मुली दोन गोलने हरल्या, त्यात वादाचं काही नव्हतं. त्या रविवारी लोक परत क्रिकेटवर भांडले.

हिरामणभाऊंना पुढच्या हंगामात परत सामने मिळाले. मध्यंतरी त्यांचा फोन आला होता. धुळ्यात एका सामन्यात त्यांनी फाउल दिला, तर एक कोच अंगावर धावून आला, “तुम्ही तर रेडिओवर कबूल केलं होतं!”

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“पिवळं कार्ड दाखवलं,” ते म्हणाले.

केंद्रात नवीन मुलं शिकायला आली की मी त्यांना दोन गोष्टी सांगते. बाइट कापण्याआधी पुढचे तीस सेकंद ऐकायचे, आणि ऐकून विसरायचे नाहीत. चूक झालीच, तर ती ज्या वेळेला वाजली आणि जितक्या वेळा वाजली, दुरुस्ती त्याच वेळेला आणि तितक्याच वेळा वाजवायची. मुलं वहीत लिहून घेतात. त्यानंतरही पहिला तुकडाच लक्षात ठेवणारा कोणीतरी एक कोच राहतोच, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.