आईला उभं करून कुणी पाहिलं नाही

तुमच्या आईचे पाय तुम्ही शेवटचे कधी पाहिले? सणावाराला पाया पडताना नव्हे. ती उभी असताना, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, चांगल्या उजेडात?

मी पाहिले नव्हते. आणि मी तर पत्रकांवर वाढलेली मुलगी. तळेघरच्या आमच्या घरात पुस्तकं नव्हती. वडील संघटनेचं काम करायचे, त्यामुळे कोनाड्यात, फडताळात, तांदळाच्या कणगीवर पत्रकांचे गठ्ठे असत. त्यांवरच मी वाचायला शिकले आणि कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहायला लागले. बाईनं आपल्या शरीराची लाज का बाळगायची, असं ठणकावून विचारणारं एक पत्रक मी घोडेगावच्या एसटी स्टँडवर वाटलंही होतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, आई सकाळपासून चिखलात वाकलेली असे. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. सगळ्याच बायांचं तसं, त्यात कुणाला काही वाटत नसे. पाय चिखलानं माखलेले, दिसणार तरी काय? संध्याकाळी धुतल्यावर मात्र डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच जाड दिसायचा. "शिसं वतल्यागत जड झालाय," एवढंच म्हणून ती भाकरी थापायला बसायची.

घोट्याच्या आतल्या अंगाला आधी खाज आली, मग काळपट डाग पडला, मग त्या डागातच जखम झाली. बाया म्हणाल्या, जळू डसली, तिचं त्वांड आत ऱ्हायलं. हळद झाली, झाडपाला झाला. जखम भरेना. तिचं पाणी गोधडीला लागू नये म्हणून आई पायाखाली कागद घ्यायची. आमच्या घरात कागद एकाच प्रकारचा होता.

आमच्याकडे आवणी सावडीनं होते. आज माझ्या खाचरात सगळ्या, उद्या तुझ्या. एका वर्षी सावडीतली एक बाई दारात येऊन म्हणाली, "औंदा तू आराम कर बाय. तुझं खाचार आमी लावून देतो." आई हसून हो म्हणाली. ती गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "महारोग म्हणत्यात मला. पाणवठ्यावर ऐकलं मी."

तिच्या हातचं पाणी बंद झालं नाही, पण कुणी मागेनासं झालं. जखमेपेक्षा तिला हे लागलं. तेव्हापासून मला एकच हवं होतं: तिला काय झालंय ते कुणीतरी नाव घेऊन सांगावं.

म्हणून आम्ही दवाखाने हिंडलो. दवाखान्यात जायची आमची एक रीत होती. आदल्या दिवशी कामाला सुट्टी, पाय उशीवर टाकून आराम. पहाटे कढत पाण्यानं अंघोळ, ठेवणीतलं लुगडं, पहिली एसटी. म्हणजे सूज उतरेल तेवढी उतरवून, पाय चकचकीत धुऊन आम्ही तो डॉक्टरांपुढे नेत होतो. तिथे आई टेबलावर आडवी व्हायची. आणि मी, ती पत्रकं वाटणारी, पुढे होऊन तिचं लुगडं घोट्यापर्यंत ओढायचे. जखम तेवढी उघडी ठेवायचे. परका पुरुष बघतोय ना!

घोडेगावात साखर तपासली, नव्हती. आळे गावच्या दवाखान्यात एका डॉक्टरनं तिचे डोळे मिटायला लावून जखमेभोवती कापसाचं टोक फिरवलं. तिला सगळं कळत होतं. "महारोग नाही," तो म्हणाला. मग काय आहे, ते त्यालाही सांगता आलं नाही. मलम मिळालं. नंतर दुसरं मलम. अशी कितीतरी वर्षं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर घोडेगावात एक तरुण डॉक्टरीण आली. आई सवयीनं टेबलाकडे निघाली.

"मावशी, झोपू नका. या स्टुलावर उभ्या राहा. लुगडं वर घ्या, मांडीपर्यंत."

"अगं बया! हितं का?"

"आवणीला कुठवर खोचता?"

"ती आवणी व्हती."

"मग समजा मी चिखल."

आई हसली आणि स्टुलावर चढली. मी सवयीनं पुढे झाले तशी डॉक्टरीण म्हणाली, "ताई, तुम्ही हात लावू नका."

दोन-तीन मिनिटांत आईच्या पायावर निळ्या, गाठाळ शिरा वर आल्या. आडवं केलं की त्या रिकाम्या होऊन दिसेनाशा व्हायच्या. डॉक्टरणीनं पाय वर धरून शिरा उतरवल्या, मांडीला रबरी नळी बांधली, पुन्हा उभं केलं. नळी असतानाही त्या भरल्या, म्हणजे दोष वरवरच्या शिरांपुरता नव्हता, आत खोल होता. तिनं मला विचारलं, "इतक्या वर्षांत यांना कुणी उभं करून पाहिलंच नाही?"

आणि तिनं पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

पुण्यात सोनोग्राफीनं उरलेलं कळलं. तिथेही उभंच केलं. शिरांमध्ये रक्त वर नेणाऱ्या झडपा असतात. आईच्या आतल्या मोठ्या शिरेत कधीतरी रक्ताची गाठ होऊन त्या निकामी झाल्या होत्या. "बाळंतपणात पाय सुजला होता का?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "हिच्या येळंला. लई सुजला व्हता. सव्वा महिना पाय भुईला टेकवला नाय."

म्हणजे माझ्या जन्मापासून.

घोट्याला पुरेसं रक्त पोचतंय, हे आधी मोजून मग दाबपट्टी बांधली. जखम मिटली, पुढच्या वर्षी पुन्हा फुटली. आता घोटा वळत नाही. झडपा परत येणार नाहीत. पाय सांभाळायचा, बस. कागदावर 'शिरांचा विकार' असं रोगाचं नाव आलं तेव्हा आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि सावडीतल्या त्या बाईला दाखवायला घेऊन गेली. बाई म्हणाली, "मंग ये की औंदा." आईला चिखलात उतरता येत नव्हतं.

मी त्यानंतर पुष्कळ पत्रकं लिहिली. हे सगळ्यात उशिरा लिहितेय, आणि यात मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. आज दिवस मावळायच्या आत, आई कामावरून आली की तिला पाच मिनिटं उभं राहायला सांगा. लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायला सांगा आणि खाली बसून दोन्ही पाय पुढून, मागून बघा. फुगलेली शीर, एकाच पायाची सूज, घोट्याजवळचा काळा डाग दिसला तर आराम न करवता, तसंच तिला दवाखान्यात न्या. डॉक्टर टेबल दाखवतील. तुम्ही म्हणा, आधी उभं करून बघा. आणि तिचं लुगडं खाली ओढू नका.