कडब्याची उभी गंज

आमचे मामंजी कुठलाही भाव पहिल्या बोलीला मान्य करत नसत. नुसता कमी करून घेऊनही त्यांचं समाधान होत नसे. भाव लावतानाच कसं चुकलं, हे विकणाऱ्याला पटवून द्यायचं असे. म्हसवडच्या बाजारात मेथीची जुडी घेतली की आधी गुडघ्यावर आपटून मुळांची माती पाडायची. मग विचारायचं, "आता सांग भाव. मघाशी मातीचा सांगितलास." शेजारी मी, नवी सून, पदर नाकापर्यंत ओढून उभी. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मला भुईत गडप व्हावंसं वाटायचं.

त्यांचा धंदा कडब्याचा, म्हणजे ज्वारीच्या वाळल्या ताटांचा. सगळा गाव त्यांना आण्णा म्हणायचा. पेंढ्यांचा शेकडा मोजून झाला की गिऱ्हाइकाच्या गाडीत वर दोन पेंढ्या टाकत आणि म्हणत, "ह्या तुज्या बैलाच्या. ह्यांचा हिशेब न्हाई." मातीसाठी भांडणारा माणूस तो हाच, हे मला बरेच दिवस जुळवून घेता येत नव्हतं. मी फलटणची, उसाच्या रानातली. माहेरी गुरांपुढं वाडं पडायचं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. त्यावरून ते मला चिडवायचे, "सूनबाई, तुमच्या फलटणात गुरंबी साखर खात्यात." मी मान खाली घालून हसायची. असा हौशी सासरा मिळाला म्हणून मैत्रिणींत मी भाव खाऊन होते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या माळावर गुरांची छावणी बसली. चाऱ्याचं टेंडर सरकारनं काढलं. मामंजींनी आभाळाचा रंग ओळखून कर्नाटकातून कडबा आधीच आणून ठेवला होता. गावाच्या कडेला त्याची घराएवढी गंज उभी होती. पण ठेका गेला फलटणकडच्या एका वाडेवाल्याला. क्विंटलमागं त्याचा दर कमी, एवढंच कचेरीनं पाहिलं. मामंजी दुसऱ्याच दिवशी एसटीनं साताऱ्याला गेले.

तिथलं बोलणं त्यांनी घरी येऊन आम्हांला रंगवून सांगितलं. "सायेब, वाड्यात निम्म्याच्या वर पानी. सरकार पान्याचं पैसं भरतंय. एका गुराला दिवसाला किती लागतंय, त्याच्यावर दर ताडून बगा." साहेब भला माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण फेरतपासणीसाठी ठेका थांबवला, तर तोवर छावणीत काय घालायचं?" त्यावर मामंजी म्हणाले होते, "चार-आठ दिस काढत्यात मानसं, सायेब. आमचा मुलूख चिवट हाय."

ठेक्याला स्थगिती मिळाली. मामंजींनी येताना कंदी पेढे आणले होते. ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

वाड्याचे ट्रक बंद झाले. कागद साताऱ्याहून पुण्याला गेले आणि तिथंच बसले. चार-आठ दिवस कधीच उलटले. छावणीत गुरं दावणीची लाकडं चाटू लागली. गंज मात्र तशीच उभी होती. माल तयार आहे की नाही हे बघायला साहेब कधीही येणार होते. फोडलेली गंज दाखवली तर हाती येऊ घातलेला ठेका जाईल, अशी मामंजींना धास्ती. छावणीतून ती गंज स्पष्ट दिसायची. मी पाण्याला जाताना त्या बाजूनं जायचं सोडलं.

एका दुपारी इठाबाई आली. रांडावलेली बाई, एका गाईवर तिचं घर चालायचं. "आण्णा, गाय उठंना झालीया. एक पेंढी द्या."

मामंजी ओट्यावर बसले होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "इठाबाई, आज तुला दिली तर उद्या समदी छावणी दारात यील. जरा दम धर. निकाल लागला की रोज मिळंल."

ती आल्या पावली माघारी गेली. वर दोन पेंढ्या टाकणाऱ्या माणसानं एक पेंढी नाही म्हटली, हे मी दारातून ऐकलं आणि मला त्या घराची सून असल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गाय गेल्याचं कळलं. मामंजी हातातला चहा तसाच ठेवून उठले, स्वतः गंजीवर चढले आणि पेंढ्या खाली फेकू लागले. गाड्या भरून छावणीत नेल्या. लोकांनी मुकाट्यानं कडबा उतरवून घेतला. कुणी शिवी दिली असती तरी बरं झालं असतं.

पुढं निकाल त्यांच्याच बाजूनं लागला. साहेब छावणीत आले, चारचौघांत म्हणाले, "आण्णा, तुमच्यामुळे दर पारखण्यातली चूक सुधारली." मामंजी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. ठेका त्यांनी पाऊस पडेपर्यंत चोख चालवला. पण गावात आता त्यांना आण्णा म्हणणारे थोडे उरले. मागून सगळे गंजीवालेच म्हणत. बाजारात मलाही गंजीवाल्याची सून म्हणून ओळखू लागले, आणि आता तोंडाला पदर लावून कुणी हसत नव्हतं.

पाऊसपाणी झाल्यावर मामंजींनी एक देखणी कालवड विकत घेतली आणि स्वतः इठाबाईच्या गोठ्यात बांधून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात घुंगराचा आवाज आला. इठाबाई कालवड घेऊन उभी होती. मामंजी ओट्यावरच होते, पण ती माझ्याशी बोलली.

"सूनबाई, रातीला पानी पाजलंय हिला, चाराबी घाटलाय. तेवडं मामंजीस्नी सांगा, माज्या गोठ्यात जागा न्हाई."

तिचा गोठा गाय गेल्यापासून रिकामाच होता. ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. मी पुढं होऊन दावं हातात घेतलं. दुसरं काय करणार?

ती कालवड आमच्याकडंच व्याली. दुधाला चांगली निघाली. माझी पोरं तिच्या दुधावर वाढली. मामंजी मात्र त्यानंतर जगले तेवढी वर्षं कोरा चहा प्यायले. पाहुणे विचारायचे, घरात एवढं दूध असताना आण्णांचा चहा असा का? मामंजी खाली बघायचे, आणि मी सांगायची, त्यांना दूध सोसत नाही.