पोळ्याच्या दिवशी एकच सुई

मी तोंडाची फटकळ, हे आधीच सांगून टाकते. त्याचा त्रास मला स्वतःला कधीच झाला नाही, जो झाला तो दुसऱ्यांनाच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. विषय पेशींच्या मरणाचा. शरीरातल्या पेशी वेळ झाली की ठरवल्यासारख्या मरतात, आणि त्या कामाला कॅस्पेज नावाचं एन्झाइम लागतं. पेशी मरायला निघाली की ते जागं होतं आणि आतून कापाकापी सुरू करतं. ते ओळखायला नेमकी त्यालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी हवी. परदेशी कुपी आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून माझे गाईड असलेल्या सरांनी पुण्याहून त्या एन्झाइमचा चिमूटभर नमुना मागून आणला आणि म्हणाले, आपणच बनवू. नमुना सशाला टोचायचा, सशाचं शरीर त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, मग सशाचं रक्त काढायचं. नमुना एका सशापुरताच होता.

मात्र टोचण्याआधी त्याच सशाचं थोडं रक्त काढून जपून ठेवावं लागतं. नंतरच्या रक्ताची तुलना या पहिल्या रक्ताशी करायची. ते नसेल तर सगळं मुसळ केरात.

ॲनिमल हाऊस नाना सांभाळायचे. शिरपूरकडचे, पन्नाशी उलटलेले, दहा वर्षं रोजंदारीवर. त्या वर्षी कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं आणि हे त्यांनी कॉलेजातल्या चहावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. ससा त्यांच्याशिवाय कुणाला आवरायचा नाही. मी हात लावला की ओरबाडायचा. नाना त्याला टॉवेलात गुंडाळायचे, डोळ्यांवर तळवा ठेवायचे, की गप्प.

पहिली टोचणी ठरली तो दिवस नेमका पोळ्याचा निघाला. सकाळीच मी नमुना तेलात घोटून तयार केला होता. तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारा नव्हता. नाना नवा सदरा घालून आले आणि दारातच अडले.

"आज पोळा शे, ताई. आज जनावरले सुई नही लावतस."

"नाना, हा ससा आहे, बैल नाही."

"जनावरच शे ना?"

मी चिडले, बोलले, वाट्टेल ते बोलले. शेवटी ते म्हणाले, एकच सुई. एकीला धरतो, दुसरीला नाही. मला दुपारच्या एसटीनं एरंडोलला घरी जायचं होतं, पुरणपोळ्या वाट बघत होत्या. म्हटलं, बरं. टोचणी आज, रक्त उद्या. एका दिवसात रक्तात काही फरक पडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. नानांनी ससा धरला, मी मांडीत सुई दिली. नानांनी त्याच्या कानाला हात लावून तोच हात आपल्या कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी परत आलेच नाही. मावशी आली होती, बहीण आली होती. नऊ दिवस राहिले. आले तेव्हा उशीर झाला होता, सशाच्या रक्तात अँटिबॉडी बनायला लागल्या होत्या, आणि मी कुणालाही काही बोलले नाही. पुढच्या टोचण्या वेळेवर दिल्या.

चार महिन्यांनी सशाचं रक्त वापरून पाहिलं. मरणाऱ्या पेशींच्या जागी फिल्मवर काळीभोर रेघ उमटली, म्हणजे अँटिबॉडी बनली होती. मी नाचायचीच बाकी होते. सर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "छान. आता पहिलं रक्त दाखव."

मी म्हणाले, "फ्रीजरमध्ये होतं, सर. नानांनी फ्रीजर धुतला तेव्हा गेलं असेल."

इतक्या सहज की माझं मलाच नवल वाटलं. आत वर्ष वाया जाण्याची भीती होती. वडिलांनी स्थळ बघून ठेवलं होतं, आणखी एक वर्ष ते देणार नव्हते.

सरांनी नानांना बोलावलं. नाना माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले, मान खाली वगैरे काही घातली नाही. मग ते म्हणाले, "मना हातथून पडी गई व्हई, साहेब."

सरांनी त्यांची आई-बहीण काढायची तेवढी बाकी ठेवली. आठवड्याभरात यादीतून नाव गेलं आणि रोजंदारीही गेली. मी लायब्ररीत बसून प्रबंधाच्या तळटीपेत टाईप केलं: मदतनिसाच्या निष्काळजीपणामुळे सुरुवातीचा नमुना नष्ट झाला. ते वाक्य सरांना फार आवडलं.

शेवटी सशाचं सगळं रक्त काढायचं होतं. म्हणजे हृदयात सुई, आणि ससा संपला. नवा पोरगा त्याला धरायला गेला तर ससा त्याच्या मनगटाला चावला. सर म्हणाले, "बोलाव त्या नानाला, एका दिवसापुरता."

मी निरोप धाडला. मला वाटलं होतं, येणार नाहीत. आले. पोळ्याचा तोच सदरा होता, आता कॉलर विटलेली. त्यांनी टॉवेल पसरला, ससा गुंडाळला, डोळ्यांवर तळवा ठेवला. ससा लगेच शांत झाला, त्यांचाच हात होता ना.

"नाना," मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? पोळाले मीच तुमले थांबाडं. मना पायी तुमनं नुकसान व्हयनं."

इतके दिवस हा माणूस त्या एका सुईचं ओझं वाहत होता. दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं असतं तरी चाललं असतं, चूक त्यांची नव्हतीच, मी पुरणपोळ्या खात बसले होते, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. बाहेर सर उभे होते. मी सुई उचलली.

"आज पोळा नही, ताई," नाना म्हणाले. "कितीबी टोचा."

मी टोचली.