कुठले सोनवणे?

सोनवणे सर गेल्याचं मधल्या सुट्टीत कळलं. पाचोऱ्याहून त्यांच्या पुतण्याचा शाळेत फोन आला होता. शिक्षकांच्या खोलीत एक नवे आलेले शिक्षक हळूच म्हणाले, "कुठले हो हे सोनवणे?" मला अशा वेळीही हसू आलं... सरांनी ऐकलं असतं तर माझ्यापुढे टाळीसाठी हात केला असता.

आमच्या खानदेशात सोनवणे हे आडनाव अनेक जातींत आहे. म्हणून ते ऐकलं की लोक "कुठले?" म्हणतात. विचारतात गाव, हवी असते जात. आमच्या आडनावावरून जात लगेच कळते, म्हणून आम्हाला हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. सर बौद्ध. ते आमच्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि आमच्या देवपुरात खोली शोधू लागले. "कुठले?" ला ते "पाचोऱ्याचे" एवढंच उत्तर देत, आणि मग घरमालकाच्या भाच्याला नेमकी तीच खोली हवी असे. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळायचो. आमच्या घरची माडीवरची खोली रिकामी होती. मी त्यांना घरी आणलं. माझ्या आईने, अक्काने, दारातूनच पाहिलं. "मास्तर शेतस ना? मग राहू द्या," असं अहिराणीत म्हणत मास्तर आहेत एवढी खात्री केली आणि आत गेली. तिने "कुठले" विचारलं नाही. सरांना त्याचं बरं वाटायला हवं होतं, पण त्यांना संशय आला. हिला चालतं म्हणून विचारलं नाही, की हिने आपल्याला दुसऱ्याच सोनवण्यांमधलं धरलं?

हा संशय ते पुस्तकांवर आणि पडद्यावरही घेत. रविवारी सकाळी मालिका बघायला खाली येत, दाराजवळच्या खुर्चीत बसत. नायक दिसला की विचारत, "हा कुठला?"

"मुंबईचा," मी म्हणे.

"ते नाही हो. कुठला?"

नायकाला नुसतं नाव असे, आडनाव नसे. तो बॅग घेऊन गाडीतून उतरे आणि पुढच्याच प्रसंगात खोलीत दाढी करत असे. "बघा, मधला घरमालक कापला!" सर ओरडत. मालिकेतला गडी मात्र तोंड उघडताच गावाकडचं बोले. "याला आडनावाची गरजच नाही. याची भाषाच सांगते." कादंबऱ्या वाचून परत करतानाही त्यांचं तेच... लेखकाला माहीत असतं हा कोण, आपल्यापासून लपवतो. मी म्हणायचो, "सर, तुम्ही गोष्ट वाचता की पंचनामा करता?" ते म्हणत, "लपवलं कुणी, ते आधी बघतो."

अक्का सगळ्यांना हाताला येईल त्या कपात चहा द्यायची. सरांना मात्र कायम हिरव्या काठाच्या कपात. ते कप हातात फिरवून बघत, मग चहा पीत. मीही तेव्हापासून त्या कपाकडे बघू लागलो. फळीवर तो इतर कपांपासून थोडा बाजूला असे. एकदा मी उचलला तर अक्काने तो सरांचा म्हणून तिथेच ठेवायला लावला. म्हणाली, "सरना कप शे तो. राहू दे तठेच." त्यात माया होती की दुसरं काही, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

शेवटची भेट जळगावच्या दवाखान्यात झाली. मी निघालो तेव्हा त्यांनी थांबवलं. मग म्हणाले, "अक्कांना माहीत होतं का हो, मी कुठला ते?"

"कधी विचारलं नाही. विचारू?"

"नका. नाही म्हणाल्या तर मी तुमच्याकडे राहिलोच नाही, दुसराच कुणी सोनवणे राहिला... आणि हो म्हणाल्या तर मग त्या कपाचं काय?"

मी विचारलं नाही. परवा संध्याकाळी मात्र चहा मीच केला. फळीवरून हिरव्या काठाचा कप काढला, त्यात चहा ओतला आणि अक्कापुढे ठेवला. तिने कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काठावरून अंगठा फिरवला... आणि शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायली. कप स्वतः विसळला आणि पुन्हा फळीवर, तसाच बाजूला, पालथा घातला.

मला बरं वाटलं. पण लगेच मी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथून सर काय म्हणाले असते, ते मला ठाऊक होतं. "प्यायल्या खऱ्या. पण मी गेल्यावर!"