नेहमीचा पासवर्ड

रुग्णालयाच्या स्कॅन विभागात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी सगळे त्याला ‘तंतोतंत’ म्हणत. ‘दार लोटून घ्या’ म्हटलं की तो दार लोटून घेई; कडी लावत नसे, कारण कडीचं कुणी बोललेलं नसे. संगणकांची देखभाल करण्यात तीस वर्षं गेली, निवृत्तीला सात महिने उरले, पण खोड गेली नाही.

त्याचं काम काळ्या पडद्यावर चाले. एक आज्ञा टाइप करायची, दोनदा वाचायची, मग एंटर. हार्ड डिस्कच्या आतही एक छोटा कारभारी बसलेला असतो आणि त्याच्याशी थेट बोलता आलं पाहिजे, असं तो म्हणे. एकदा त्याने सगळ्या डिस्कना हळू आवाजात चालण्याची आज्ञा दिली. वेग थोडा घटला, तसे डॉक्टर कुरकुरले.

“भिंतीपलीकडे लोकांना रिपोर्ट सांगतात,” तो म्हणाला. “तिथे ही खरखर बरी नाही वाटत.”



या वेळी भिंतीपलीकडे त्याची थोरली बहीण बसली होती. ताईच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. सर्जन म्हणाले, “नऊ वर्षांपूर्वी यांचा स्कॅन इथेच झालाय. तेव्हाही डाग एवढाच असेल, तर ऑपरेशन नको. पण सोमवारपर्यंत जुना स्कॅन मिळाला नाही, तर मी थांबणार नाही.”

जुने स्कॅन असलेली डिस्क कपाटात सापडली. तिला कुलूप होतं, आणि ते त्यानेच घातलेलं. नऊ वर्षांपूर्वी, ताईच्या स्कॅननंतर थोड्याच दिवसांनी, कपाट दुसऱ्या इमारतीत हलवायचं होतं, तेव्हा विभागप्रमुख साहेबांनी डिस्कला पासवर्ड लावायला सांगितलं होतं. काय टाकू, असं त्याने विचारलं. साहेब फोनवर होते. हाताने माशी हाकलल्यासारखं करत म्हणाले, “नेहमीचा टाक.” एवढं त्याला लख्ख आठवत होतं; पुढे आपण काय टाकलं, ते मात्र नाही. साहेबांना जाऊन आता चार वर्षं झाली होती.

ताई म्हणाली, “म्हणजे माझा फोटो तू कुलपात ठेवलास आणि किल्ली गिळलीस?”

“शोधतोय गं.”

“शोध, शोध. लहानपणी माझी रिबीनही तूच जपून ठेवली होतीस. अजून सापडतेय.”

ती हसली, पण तिचे हात मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत होते.

साहेबांच्या बायकोला फोन करून त्याने कुत्र्याचं नाव विचारलं, जुन्या गाडीचा नंबर विचारला, मुलीचा वाढदिवस विचारला. सगळं टाकून पाहिलं. पाच वेळा चुकलं की डिस्क ऐकेनाशी होई. मग वीज तोडायची, पुन्हा जोडायची, पुन्हा पाच. दुसऱ्या संगणकाला जोडूनही उपयोग नव्हता, कारण कुलूप डिस्कच्या पोटात होतं. डिस्क बनवणाऱ्या कंपनीची एक किल्ली होती, पण त्या किल्लीने डिस्क उघडायची ती सगळं पुसूनच. असे तीन दिवस गेले.

शुक्रवारी दुपारी तो कँटीनमध्ये जाऊन बसला. गल्ल्यावर नवीन बाई होत्या.

“काय देऊ?”

“नेहमीचा,” तो सवयीने म्हणाला.

बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं आणि आत हाक दिली, “एक नेहमीचा!”

आतून आवाज आला, “अहो बाई, नेहमीचा म्हणजे काय? बिनसाखरेचा चहा!”

“मला काय ठाऊक? ते बोलले तेच लिहिलं मी.”

त्याने चिठ्ठी उचलून पाहिली. ठळक अक्षरात ‘नेहमीचा – १’. तो चिठ्ठी हातात घेऊनच उठला. मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, चहा!”

साहेबांचा नेहमीचा पासवर्ड त्याला तेव्हा तरी कुठे ठाऊक होता? ठाऊक नसताना त्याच्यासारख्या माणसाने काय टाकलं असेल?

डिस्कची वीज तोडून त्याने पुन्हा जोडली. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: nehmicha. नाही. nehemicha. नाही. मग तो थांबला. हल्ली फोनवर लिहिताना अक्षरं गाळायची सवय लागली होती. नऊ वर्षांपूर्वीचा तो एक अक्षर सोडत नसे. त्याने टाइप केलं: nehamicha. दोनदा वाचलं. एंटर.

डिस्क उघडली.

डाग तिथे होता. सर्जननी दोन्ही चित्रं शेजारी लावून मोजमाप घेतलं, आणि पुन्हा घेतलं. “तेवढाच आहे. ऑपरेशन नको. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

ताईने पिशवीचा बंद सोडला. बाहेर आल्यावर म्हणाली, “काय होता रे साहेबांचा पासवर्ड?”

“ते म्हणाले तोच.”

“आणि तो शोधायला तुला तीन दिवस लागले?”

संध्याकाळी त्याने डिस्कचं कुलूप कायमचं काढायची आज्ञा दिली. ती दोनदा नाही, तीनदा वाचली.